तुरुंग जिल्ह्यात येतो तेव्हा

नवा जिल्हा जाहीर झाला की जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस अधीक्षक कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा न्यायालय यांच्यासाठी जागांचा शोध सुरू होतो. तुरुंगाचा क्रमांक या यादीत सर्वांत शेवटी लागतो. त्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही, बाजारपेठ बंद राहत नाही आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यात त्याचा उल्लेखही नसतो. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. परभणी जिल्ह्यातील परतूरचा भागही त्यास जोडण्यात आला. जिल्ह्याला स्वतःचे जिल्हा कारागृह मिळण्यास मात्र त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. तोपर्यंत जालन्याची भिस्त प्रामुख्याने सुमारे ६० किलोमीटरवरील हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहावर होती.

आता जालन्यात जिल्हा कारागृह आहे. पालघर, गोंदिया, हिंगोली, भुसावळ ही नावेही शासनाच्या नव्या कारागृहांच्या प्रस्तावांत गेल्या काही वर्षांत वारंवार आली. तुरुंग गावाजवळ येतो तेव्हा गावाच्या व्यवहारात नेमके काय बदलते, हा प्रश्न त्यामुळे आता केवळ महानगरांचा राहिलेला नाही. त्याचे उत्तर शोधताना रोजगार आणि बाजारपेठ यांच्याकडे आधी लक्ष जाते. मराठवाड्यापुरते बोलायचे तर खरा बदल तेथे नसून एसटीच्या तिकिटात आहे.

गर्दीचा आकडा आणि नकाशाचे कारण

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते, आणि त्यांची अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती. शंभर जणांच्या जागेत १३१ माणसे, असा हा हिशेब आहे. महाराष्ट्राची स्थिती याहून बिकट होती. सुमारे २५ हजार क्षमतेच्या कारागृहांत ४० हजारांहून अधिक बंदी ठेवलेले होते. देशातील एकूण बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन, म्हणजे बोलीभाषेतले 'कच्चे कैदी' होते. त्यांचा अपराध अद्याप सिद्ध व्हायचा होता. त्यांचे प्रमाण ७५.८ टक्के, अर्थात चारांतील तिघे.

नवी कारागृहे बांधण्याचे समर्थन या गर्दीच्या आधारे केले जाते आणि ते चुकीचे नाही. परंतु नवा तुरुंग कोणत्या गावाच्या वाट्याला येतो, हे गर्दीवरून ठरत नाही. ते ठरते जिल्ह्यांच्या नकाशावरून. जालन्याबरोबर त्याच दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा झाला, पुढच्या वर्षी लातूर व गडचिरोली झाले. १९९८ मध्ये वाशीम व नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली व गोंदिया आणि २०१४ मध्ये पालघर असे नवे जिल्हे निर्माण झाले. जुन्या जिल्ह्याचा तुरुंग जुन्या जिल्ह्यातच राहिला. नव्या जिल्ह्यातील आरोपी, त्यांचे पोलीस आणि त्यांचे नातेवाईक जुन्याच वाटेने जात राहिले. महाराष्ट्रातील तुरुंगवाढ ही बऱ्याच अंशी जिल्हाविभाजनाची उरलेली बाकी आहे.

अमेरिकेत असे घडले नाही. तेथे १९८० नंतर शिक्षा कठोर झाल्या, कैद्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि शेती व कारखाने मंदावलेल्या ग्रामीण गावांनी तुरुंगाला उद्योग समजून आमंत्रण दिले. १९९० च्या दशकात तेथील ग्रामीण भागात व लहान गावांत सरासरी दर पंधरा दिवसांनी एक नवा तुरुंग सुरू होत होता. या गावांनी जमीन फुकट दिली, पाण्याच्या वाहिन्या स्वखर्चाने टाकल्या आणि नोकऱ्यांची वाट पाहिली. पुष्कळ ठिकाणी त्या नोकऱ्या लांबून मोटारीने येणाऱ्या अनुभवी कर्मचाऱ्यांना मिळाल्या. अर्कान्सास राज्यातील फॉरेस्ट सिटी या गावाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ जॉन ईसन यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात या चित्राची दुसरी बाजूही मांडली आहे. अशी गावे तुरुंगाकडे वळतात ती केवळ लोभाने नव्हे, तर बदनाम झालेल्या गावाची पत सावरण्याच्या आशेनेही, असे त्यांचे म्हणणे आहे. २०१० नंतर तेथील कैद्यांची संख्या घटू लागली. न्यूयॉर्कसारख्या राज्याने अनेक तुरुंग बंद केले आणि ज्या गावांनी सर्व काही त्यांवर उभे केले होते त्यांची अडचण झाली.

जालन्याने तुरुंगाला असे आमंत्रण कधी दिलेले नाही. या शहराची ओळख पोलाद, बी-बियाणे आणि मोसंबीची आहे. एखाद्या सरकारी आस्थापनेवर बाजारपेठ उभी राहते आणि ती आस्थापना उठल्यावर ओसरते, हा धडा मात्र जालन्याने फार पूर्वी गिरवला आहे. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिन्जंटची लष्करी छावणी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती उठली.

नोकऱ्या किती आणि कोणाच्या?

आदर्श कारागृह नियमावली २०१६ मध्ये सहा बंद्यांमागे एक सुरक्षा कर्मचारी असावा असे सुचविले आहे. पाचशे बंद्यांच्या कारागृहाला या हिशेबाने ८० ते ८५ रक्षक लागतील. प्रत्यक्षात देशभरातील कारागृहांत मंजूर पदांपैकी सुमारे ३० टक्के पदे २०२२ मध्ये रिक्त होती. महाराष्ट्रात कारागृह शिपायांची भरती प्रशासकीय विभागवार होते. जालना हा कारागृह प्रशासनाच्या मध्य विभागात मोडतो. जालन्याच्या तुरुंगात जालन्याचाच तरुण नोकरीला लागेल, अशी तरतूद त्यात नाही. लागलाच, तर काही वर्षांनी त्याची बदली अन्यत्र होते. जिल्ह्यातील एखाद्या मध्यम आकाराच्या पोलाद कारखान्यातील कामगारांची संख्या पाहिली, तर तुरुंगाला 'रोजगार देणारा प्रकल्प' म्हणणे धाडसाचे ठरेल.

धान्य, डाळी, तेल यांचा पुरवठा निविदेने होतो. भाजीपाला, दूध यांसारख्या नाशवंत वस्तूंत स्थानिक व्यापाऱ्याला थोडा वाव असतो. बंद्यांच्या उपाहारगृहासाठी लागणारा साबण, बिस्किटे, टूथपेस्ट हा माल ठोकीने येतो. या सर्वांची बेरीज केली तरी तुरुंगामुळे आठवडी बाजाराची उलाढाल वाढली असे म्हणण्याजोगे काही हाती लागत नाही.

एक छोटी अर्थव्यवस्था मात्र निश्चितपणे उभी राहते, आणि ती भिंतीबाहेरची असते. मुलाकतीसाठी आलेल्या नातेवाइकांना चहा लागतो, आधार कार्डाची झेरॉक्स लागते, मनीऑर्डरचा फॉर्म भरून देणारा कोणी तरी लागतो, पिशवी आणि मोबाइल सांभाळणारी टपरी लागते. जिल्हा न्यायालय आणि कारागृह एकाच शहरात आले की फौजदारी वकिलाला आपल्या अशिलाला प्रत्यक्ष भेटून वकालतनाम्यावर सही घेणे सोपे होते, आणि कनिष्ठ वकिलांना काम मिळते. हर्सूलच्या दारावरचा हा व्यवहार अंशतः जालन्याच्या दारावर सरकला, इतकेच. नव्याने निर्माण झालेले त्यात थोडे आहे.

मंठ्याहून हर्सूलला

तुरुंगाचे अंतर हा विषय आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने घेतला जात नाही. जालना जिल्ह्यातील आठ तालुक्यांपैकी मंठा तालुक्याचे उदाहरण घ्यावे. मंठ्याहून जालना साधारण ६५ किलोमीटर आहे. तेथून छत्रपती संभाजीनगर आणखी ६०. हर्सूलचे कारागृह शहराच्या उत्तरेस जळगाव रस्त्याला आहे, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून पुन्हा रिक्षा. मंठ्याच्या आतील एखाद्या तांड्यावरून निघालेल्या बाईला मुलाकतीच्या वेळेत पोहोचायचे तर पहाटेची गाडी धरावी लागते. एका जागी नाव नोंदवायचे, ओळखपत्र दाखवायचे, रांगेत बसायचे, आणि काही मिनिटे बोलून परत फिरायचे. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते; सोबत लहान मूल असेल तर तेही दिवसभर उपाशीतापाशी. महिन्यात दोनदा हे करणे ज्या घराला परवडते, त्या घराचा वकीलही बहुधा बरा असतो.

हाच प्रवास जालन्यापाशी थांबला, तर जाण्यायेण्याचे सव्वाशे किलोमीटर वाचतात. मंठा, परतूर, घनसावंगी या पूर्व व दक्षिणेकडील तालुक्यांना जिल्हा कारागृहाचा खरा लाभ आहे. अंबड तर जालन्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे. भोकरदनची गोष्ट वेगळी. तेथून जालना आणि संभाजीनगर यांच्या अंतरांत फारसा फरक नाही, आणि सिल्लोडमार्गे येणारा रस्ता तर शहरात शिरण्यापूर्वी हर्सूललाच लागतो. बदनापूर दोन्ही शहरांच्या मधल्या हमरस्त्यावर वसले आहे. जिल्ह्याच्या सीमा माणसांच्या सोयीने आखलेल्या नसतात. तुरुंगाचा लाभही त्यामुळे सर्व तालुक्यांना सारखा मिळत नाही.

अंतराचा संबंध केवळ मायेच्या भेटीशी नाही. न्यायाधीन बंद्याला तारखेच्या दिवशी न्यायालयात हजर करायचे तर पोलीस मुख्यालयातून बंदोबस्त लागतो. पोलिसांच्या भाषेत ही 'कैदी पार्टी'. गणेशोत्सव, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा असला की कैदी पार्टी मिळत नाही, आणि आरोपी हजर नाही म्हणून पुढची तारीख पडते. साठ किलोमीटरवरून आणायचे असेल तर गाडी, इंधन आणि मनुष्यबळ यांचा प्रश्न आणखी वाढतो. दूरदृश्य प्रणालीने हजेरी घेण्याची सोय आता रुळली आहे आणि रिमांडच्या तारखांसाठी ती उपयोगी पडते. परंतु पडद्यावर दिसणाऱ्या आरोपीला आपल्या वकिलाच्या कानात काही सांगता येत नाही. साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर ही उणीव लहान नव्हे.

मुलाकतीसाठीही 'ई-मुलाकात' ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली असून करोनाच्या काळात तिचा प्रसार झाला. ज्यांची मुले शहरात शिकतात, ज्यांच्या घरी चांगला मोबाइल आहे, त्यांचे काम तिने हलके केले. नोंदणीचा फॉर्म भरण्यासाठी तालुक्याच्या सायबर कॅफेत जावे लागणाऱ्या कुटुंबांना एसटीच अधिक भरवशाची वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात भारतीय तुरुंगांचे नऊ मोठे प्रश्न मोजून दाखविले होते. गर्दी, खटल्यांतील विलंब, मारहाण, आरोग्याची हेळसांड यांच्याबरोबरच बंद्यांचा बाहेरच्या जगाशी तुटलेला संपर्क आणि मुलाकतींची व्यवस्था हेही प्रश्न न्यायालयाने त्यात गणले होते. पुढे नव्या तुरुंगांच्या प्रस्तावांत चौरस फूट आणि बराकींची संख्या आली, भेटीला येणाऱ्यांच्या सावलीची व पाण्याची सोय क्वचितच आली.

स्त्री बंद्यांच्या बाबतीत अंतराचा प्रश्न अधिक टोकदार होतो. त्यांची संख्या कमी असल्याने लहान कारागृहांत त्यांच्यासाठी पुरेशी स्वतंत्र सोय नसते आणि त्यांना दूरच्या मोठ्या कारागृहात पाठविले जाते. २००६ मधील आर. डी. उपाध्याय प्रकरणाच्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकते. सातव्या वर्षी ते बाहेर येते तेव्हा त्याला सांभाळणारे घर आईच्या तुरुंगापासून किती दूर आहे, यावर पुढची मायलेकरांची भेट अवलंबून राहते.

तुरुंग जिल्ह्यात आला म्हणजे शिक्षा झालेले कैदीही जिल्ह्यातच राहतील, असा एक गैरसमज आढळतो. जिल्हा कारागृह मुख्यतः न्यायाधीन बंद्यांसाठी व अल्प मुदतीच्या शिक्षेसाठी असते. जन्मठेपेची किंवा दीर्घ मुदतीची शिक्षा लागलेल्याची रवानगी मध्यवर्ती कारागृहात होते. तेव्हा मंठ्याच्या त्या बाईचा हर्सूलचा प्रवास कायमचा टळलेला नाही. तो निकालापर्यंत पुढे गेला आहे.

जमीन आणि पाणी

तुरुंगासाठी जमीन लागते ती गावाबाहेर, सलग आणि शक्यतो सरकारी. मराठवाड्यात सरकारी सलग जमीन म्हणजे पुष्कळदा गायरान. आणि गायरान म्हटले की त्यावर वर्षानुवर्षे पोटापुरते पेरणारी भूमिहीन, बहुतांशी दलित व भटकी कुटुंबे आली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून हा प्रश्न चालत आला आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले, तरी असंख्य कुटुंबांच्या नावावर सातबारा चढला नाही. २०११ च्या शासन निर्णयाने गायरान खासगी व्यक्तींना देण्यास मनाई केली. सार्वजनिक प्रयोजनासाठी, अन्य जमीन नसल्यास, ते वापरता येते. तुरुंग हे सार्वजनिक प्रयोजनच होय.

समृद्धी महामार्गाने जालना जिल्ह्यातील ज्यांची खासगी जमीन घेतली, त्यांना बाजारभावाच्या अनेक पटींनी मोबदला मिळाला. सातबारा नसताना गायरान कसणाऱ्याला कोणत्याही सरकारी इमारतीसाठी हटविले, तर त्याच्या हाती तसा मोबदला येत नाही. नव्या तुरुंगांच्या जागा ठरविताना कोणत्याही गावाने हा प्रश्न आधी विचारावा, असा आहे.

जवळच्या खासगी जमिनीचे गणित वेगळे. कारागृहाच्या भिंतीपासून ठरावीक अंतरापर्यंत आणि उंचीपर्यंत बांधकामांवर सुरक्षेच्या कारणाने निर्बंध असतात. गावाबाहेर असताना ते कोणाला जाणवत नाहीत. पुण्याचा येरवडा तुरुंग १८७१ मध्ये गावाबाहेर, नदीपलीकडे बांधला गेला. आज तो शहराच्या पोटात आहे. हर्सूलही एकेकाळी शहरापासून तुटलेले खेडे होते. तुरुंग शहराकडे जात नाही, शहर तुरुंगाकडे चालत येते, आणि मग निर्बंधाच्या पट्ट्यातील भूखंडधारकांच्या तक्रारी सुरू होतात. जालन्याच्या वाढीचा वेग पाहता येथेही हे व्हायला फार काळ लागू नये.

पाण्याचा हिशेब तर सरळ आहे. शहरी मानकाप्रमाणे माणशी दररोज १३५ लिटर धरले तर पाचशे बंद्यांच्या कारागृहाला रोज ६७ हजार ५०० लिटर पाणी लागते. बारा हजार लिटरचे साडेपाच टँकर. कर्मचाऱ्यांची निवासस्थाने निराळी. जालन्यासारख्या शहरासाठी हा आकडा मोठा नाही. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात याच शहरात घाणेवाडीचा तलाव आटला असताना नळाला दिवसेंदिवस पाणी नव्हते, हे विसरता येत नाही. बंद्याला पाण्यासाठी दारोदार फिरता येत नाही, म्हणून तुरुंगाचे पाणी तोडता येत नाही. तुरुंग एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर टंचाईच्या वर्षी पहिला टँकर कोठे जाणार यावर वाद ठरलेला.

जिल्हा सामान्य रुग्णालयावरही नवा भार पडतो. बंदी आजारी पडला की तो पोलीस बंदोबस्तात वॉर्डात दाखल होतो, आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातेवाइकांना दोन-तीन शिपायांच्या सोबतीने दिवस काढावे लागतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीत राज्यभर शाळा व वसतिगृहांच्या इमारतींत तात्पुरती कारागृहे उघडली गेली, तेव्हा आपल्या शेजारी कैदी ठेवणे म्हणजे काय, याचा अनुभव अनेक लहान गावांना प्रथमच आला.

पैठण आणि आटपाडी

भिंत नसलेला तुरुंग गावाशी कसा वागतो, हे पाहण्यास जालनेकरांना लांब जावे लागत नाही. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. धरणाचे काम चालू असतानाच, १९६८ मध्ये, पैठण येथे खुले कारागृह सुरू झाले आणि बंद्यांचे हात या परिसरातील कामांना लागले. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. धरणाचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून पुढे परभणीकडे जातो. या कालव्यावर ऊस उभा करणाऱ्या शेतकऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या काळच्या पैठणच्या बंद्यांची आठवण असेल. ज्यांची शंभराहून अधिक गावे नाथसागराच्या पाण्यात बुडाली, त्यांची तरी किती जणांना आहे?

पैठणचे खुले कारागृह आज शेतीचे कारागृह म्हणून ओळखले जाते. चांगल्या वर्तनाचे, शिक्षेचा मोठा भाग भोगलेले बंदी येथे निवडून आणले जातात, शेतात व गोठ्यात काम करतात आणि त्यांना शिक्षेत अधिक माफी मिळते. पळून जायचे तर वाट मोकळी आहे. ती न धरणे हीच त्यांची परीक्षा.

याहूनही जुना प्रयोग आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा. औंध संस्थानाच्या अधिपतींनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली, त्याच वर्षी पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने या दुष्काळी माळावर कैद्यांची मुक्त वसाहत वसली. कैद्याला जमिनीचा तुकडा, राहायला घर आणि बायकामुलांना सोबत ठेवण्याची मुभा. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागे हीच वसाहत होती. त्याची कथा आटपाडीच्या परिसरातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांची. चित्रपट बर्लिनपर्यंत पोहोचला आणि तेथे गौरवला गेला. वसाहत मात्र जेवढी होती तेवढीच राहिली; तिची क्षमता तीस माणसांपलीकडे कधी गेली नाही. ज्या प्रयोगाचा राज्याला अभिमान वाटतो, तो आठ दशकांत वाढला का नाही, हे कोडे आहे. भिंतीच्या तुरुंगांसाठी निधी मागताना कोणाला संकोच वाटत नाही. खुल्या तुरुंगांसाठी मागणीच क्वचित होते. राममूर्ती निकालातील नऊ प्रश्नांत खुल्या कारागृहांचाही समावेश होता. डिसेंबर २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने १८९४ च्या ब्रिटिश कायद्याच्या जागी महाराष्ट्र कारागृहे व सुधारसेवा विधेयक संमत केले असून त्यात खुल्या कारागृहांना स्थान आहे.

खुल्या तुरुंगालगतच्या गावाला बंदी शेतात राबताना दिसतो. बंद तुरुंगालगतच्या गावाला दिसते ती भिंत, टेहळणीचा मनोरा आणि निळी गाडी. पैठण किंवा आटपाडीत कैद्यांविषयी जी सहज बोलण्याची सवय आढळते, ती जालन्यात किंवा हर्सूलला येण्यास वाव नाही, कारण तेथील माणसे खटला चालेपर्यंतचे प्रवासी आहेत.

मोजले जातात, मत देत नाहीत

जनगणनेत कारागृह हे 'संस्थात्मक कुटुंब' गणले जाते आणि बंद्यांची नोंद ते जेथे आहेत तेथे होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ६२(५) प्रमाणे मात्र तुरुंगात असलेल्यास मतदान करता येत नाही. अपराध सिद्ध झालेला नसला तरीही. १९ लाख ५९ हजार लोकसंख्येच्या (२०११) जालना जिल्ह्यात काही शे बंद्यांनी फरक पडत नाही. परंतु दोन-तीन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत तुरुंग आला, तर तिची कागदावरची लोकसंख्या एकदम फुगते आणि लोकसंख्या हा निधीवाटपाचा महत्त्वाचा निकष आहे. अमेरिकेत यावरून मतदारसंघांच्या आखणीचे मोठे वाद झाले. आपल्याकडे २०२७ च्या जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना अपेक्षित असताना हा मुद्दा अद्याप कोणी काढलेला नाही.

जामीनदार कोठून आणायचा?

तुरुंग जवळ आल्याचा सर्वांत ठोस उपयोग जामिनाच्या कामी होतो. न्यायालयाने जामीन मंजूर केला तरी ऐपतदार जामीनदार उभा करावा लागतो. त्यासाठी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा तहसीलचा ऐपतीचा दाखला हवा. कोरडवाहू दोन एकरांचा धनी परक्या माणसासाठी तो देत नाही, आणि ऊसतोडीला गेलेल्या भावाला परत येता येत नाही. आदेश झाल्यावरही माणसे आठवडेच्या आठवडे आत राहतात ती अशी. कुटुंब, वकील, तहसील कचेरी आणि तुरुंग एकाच जिल्ह्यात असतील, तर हा कागद फिरण्यास लागणारा काळ कमी होतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, १ जुलै २०२४ पासून, मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात प्रथमच आरोपी असलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असल्यास तो बंधपत्रावर सुटकेस पात्र ठरतो. काही अपवाद आहेत. एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर ही सवलत मिळत नाही. अशी प्रकरणे न्यायालयापुढे मांडण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये योजना आणली. २०२३ च्या मूळ योजनेत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत, तर शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. निर्णय जिल्हास्तरीय समितीने घ्यायचा असतो. जिल्हाधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृहाचे अधीक्षक आणि कारागृहासाठी नेमलेले न्यायाधीश हे तिचे सदस्य. न्यायाधीन बंद्यांचा आढावा घेणारी समितीही जिल्ह्याचीच. अर्ज मराठीत, साध्या कागदावर, जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करता येतो. त्यासाठी शुल्क नाही. मुलाकतीच्या दिवशी जालन्याला आलेल्या नातेवाइकाला परतीच्या गाडीपूर्वी हे काम उरकता येते.